खर्च कोणाच्या खात्यावर?

परवा लंच टेबलवर विषय निघाला (कसा, ते विचारू नका). एका मित्राचं म्हणणं, "वेश्याव्यवसाय सरळ कायदेशीर करा. नोंदणी करा, मेडिकल चेकअप करा, टॅक्स लावा. सरकारची कमाई, रोग आटोक्यात, हप्ते बंद. सिंपल!" मीही मान डोलावली. घरी येऊन वाचायला बसलो तर कळलं की यातला नोंदणी आणि तपासणीचा भाग आपल्या मुंबईत १८७० सालीच करून झालाय.

तर झालं असं की १८५७ नंतर हिंदुस्थानात गोरे सोजीर वाढले आणि त्यातले बरेच गुप्तरोगाने हॉस्पिटलात पडून राहायला लागले. आजारी शिपाई म्हणजे पगार चालू, काम बंद. साहेबाचा हिशोब पक्का. १८६४ मध्ये छावण्यांसाठी नियम आले आणि १८६८ मध्ये शहरांसाठी सांसर्गिक रोगांचा कायदा. वेश्यांनी आणि कुंटणखान्यांनी नाव नोंदवायचं, बाईने ठराविक दिवशी तपासणीला जायचं, रोग दिसला तर 'लॉक हॉस्पिटल'मध्ये भरती. नावाप्रमाणेच, बरं का. मनात आलं म्हणून बाहेर पडता येत नसे.

मुंबईत कायदा १८७० मध्ये लागू झाला आणि १८७२ मध्ये थंडावला. कारण? नीतिमत्ता वगैरे नाही, पैसे! खर्चातला वाटा उचलायला म्युनिसिपालटी तयार होईना. मला तरी तिचं बरोबर वाटतं. फायदा लष्कराचा आणि बिल मुंबईकर घरमालकाच्या करातून, हे कोण मान्य करेल? १८८० मध्ये कायदा परत आला आणि १८८८ मध्ये कायमचा गेला.

पण सगळ्यात मोठं बिल या कुठल्याच वहीत नव्हतं. लॉक हॉस्पिटलात पडलेल्या बाईची कमाई बंद, खोलीचं भाडं चालू, मालकिणीचं कर्ज असेल तर तेही चालूच. गिऱ्हाइकाची तपासणी? छे! म्हणजे सिस्टिमचं एकच टोक टेस्ट करायचं आणि दुसऱ्या टोकाकडून व्हायरस येऊ द्यायचा. आणि टेस्ट तरी कसली? डोळ्यांना दिसेल ते खरं. सिफिलिसचा जंतू सापडला १९०५ मध्ये, रक्ताची चाचणी आली १९०६ मध्ये, पेनिसिलिन त्याच्याही खूप नंतर. त्या काळी उपाय म्हणजे पारा. "निरोगी" हा शेरा कितपत खरा असेल, तुम्हीच ठरवा.

मग शहाणी बाई काय करेल? नोंदणी टाळेल. मुंबईत बऱ्याचजणींनी तेच केलं. कलकत्त्याहून तर काहीजणी थेट फ्रेंचांच्या चंद्रनगरला निघून गेल्या. नोंदणीचा तोटा रोखीचा, फायदा शून्य.

मित्राच्या वाक्यात खरं तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला उशिरा कळलं. गुन्हा नाही म्हणणं वेगळं आणि बाईवर सरकारी पहारा बसवणं वेगळं. न्यूझीलंडने २००३ मध्ये पहिलं केलं. तिथे बाईला स्वतःचं नाव सरकारदरबारी नोंदवावं लागत नाही. परवाना लागतो तो धंदा चालवणाऱ्याला. २०१४ मध्ये तिथल्या एका बाईने कुंटणखान्याच्या चालकाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार जिंकली आणि तिला २५,००० डॉलर भरपाई मिळाली.

सोमवारी हे टेबलवर सांगणार आहे. बघू, जेवण होतंय का शांतपणे :)