दोरा आणि दंडक

क्षौर आणि प्रसाधन ह्या कला मानवी संस्कृतीइतक्याच जुन्या आहेत. आपल्या धर्मजीवनात तर त्यांचे स्थान संस्कारांशी जोडलेले आहे. जावळ असो, मुंज असो वा अशौचाचा दहावा दिवस असो, भटजींच्या आधी न्हाव्याची, कोंकणीत म्हणावयाचे तर म्हाल्याची, वाट पाहावी लागते. गावगाड्यात तो बलुतेदार होता. त्याचा अधिकार जन्माने ठरे, कामाची पारख गाव करी, आणि तो चुकल्यास त्याला शासन करण्यास जातपंचायत समर्थ असे. ही व्यवस्था न्याय्य होती असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. एवढेच सांगावयाचे आहे की, ज्याच्या हाती आपण वस्तऱ्यासमोर मान देतो त्याच्यावर कोणाचा तरी अंकुश असावा, ही भावना कोणत्याही समाजास अपरिचित नाही.

अमेरिकेतील संयुक्त संस्थानांत गावगाडा नव्हता आणि जातपंचायतही नव्हती. तेथे हा अंकुश राज्याने आपल्या हाती घेतला व त्यासाठी राज्यमंडळे निर्माण केली. केस कापणारा, नखे रंगविणारी, त्वचेवर लेप लावणारी, अशा प्रत्येकाने मंडळाकडून अनुज्ञापत्र घ्यावे, आणि नियमभंग झाल्यास त्याच मंडळापुढे जबाब द्यावा, असा तेथील दंडक आहे. ह्या दंडकाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. कारण लोकांच्या आरोग्याचे रक्षण कोठे संपते आणि धंद्यातील जुन्यांचे रक्षण कोठे सुरू होते, हा प्रश्न त्यात पदोपदी उभा राहतो.

ह्या इतिहासाचा आरंभ मिनेसोटा राज्यात झाला. १८९७ साली त्या राज्याने नाभिकांना परवाना सक्तीचा करणारा पहिला कायदा केला. ते दिवस जंतुशास्त्राच्या उदयाचे होते. एकच कुंचला, एकच टॉवेल आणि एकच वस्तरा दहा गिऱ्हाइकांच्या तोंडावरून फिरविला तर दाढीचे चर्मरोग पसरतात, हे लोकांना नुकतेच उमगू लागले होते. तेव्हा कायद्याला आरोग्याचा आधार होता ह्यात शंका नाही. परंतु कायद्याची मागणी करणाऱ्यांत आघाडीवर वैद्यांपेक्षा नाभिकांची १८८७ साली स्थापन झालेली कामगार संघटनाच होती. थोड्या आठवड्यांत धंदा शिकवून माणसे बाहेर काढणाऱ्या शाळा निघाल्या होत्या, दर उतरत होते, आणि परवाना ही त्यावरची तटबंदी ठरणार होती. ओहायोसारख्या राज्यात कृष्णवर्णीय नाभिकांनी अशा विधेयकांस विरोध केला, तोही ह्याच कारणाने. परीक्षक गोरे असतील तर परीक्षेत कोण नापास होईल, हे त्यांना सांगावे लागत नव्हते.

पुढे १९२० नंतरच्या दशकात स्त्रियांनी आखूड केसांची पद्धत उचलली आणि एक नवाच वाद उत्पन्न झाला. स्त्रियांचे केस कापण्याचा अधिकार नाभिकाचा की केशप्रसाधिकेचा? दोन्ही धंद्यांनी आपापली मंडळे मागून घेतली. कॅलिफोर्नियात १९२७ साली दोन निराळी मंडळे झाली. ती एक व्हावयास १९९२ साल उजाडावे लागले. टेक्सासने १९३५ साली सौंदर्यप्रसाधनाच्या धंद्याचे नियमन सुरू केले. २००५ साली तेथील नाभिकांचे व प्रसाधकांचे अशी दोन्ही स्वतंत्र मंडळे विधिमंडळाने मोडून त्यांचे काम राज्याच्या परवाना व नियमन खात्याकडे सोपविले.

मंडळाचे कामकाज कसे चालते, हे कॅलिफोर्नियाच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. उमेदवाराने मान्य शाळेत ठरावीक तास शिक्षण घ्यावयाचे, नंतर परीक्षा द्यावयाची, आणि मिळालेले अनुज्ञापत्र दर दोन वर्षांनी नवे करून घ्यावयाचे. केशप्रसाधनासाठी पूर्वी १६०० तासांचे शिक्षण लागे. २०२२ सालापासून ते १००० तासांवर आले आहे आणि हातकामाची परीक्षाही रद्द झाली आहे. लेखी परीक्षा इंग्रजीखेरीज स्पॅनिश, व्हिएतनामी व कोरियन भाषांतही देता येते, कारण नखप्रसाधनाच्या धंद्यात निर्वासित होऊन आलेल्या व्हिएतनामी कुटुंबांचा भरणा फार मोठा आहे. निरीक्षक आगाऊ सूचना न देता दुकानात शिरतो आणि हत्यारे जंतुनाशकात बुडविली आहेत काय, अनुज्ञापत्र कामाच्या जागी लावले आहे काय, हे पाहतो. उणीव दिसल्यास दंडाची नोटीस निघते. ती मान्य नसेल तर मंडळाच्या समितीपुढे गाऱ्हाणे मांडता येते. आरोप गंभीर असेल तर रीतसर आरोपपत्र तयार होते, स्वतंत्र प्रशासकीय न्यायाधीशापुढे पुरावा होतो, आणि त्याने सुचविलेला निर्णय मंडळ स्वीकारते वा फिरविते. शिक्षेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: दंड, देखरेखीखाली काम, काही काळ परवाना तहकूब, आणि शेवटी परवाना रद्द.

कायद्याच्या अभ्यासकाला ह्यातील एक गोष्ट विशेष लक्षणीय वाटते. नियम करणारे मंडळच, तपास करणारे मंडळच, फिर्यादी मंडळच आणि अखेरचा निवाडा देणारेही मंडळच! मध्ये प्रशासकीय न्यायाधीशाची योजना झाली ती ह्या एकवटलेल्या सत्तेला थोडा आवर बसावा म्हणून. ज्याचे पोट परवान्यावर अवलंबून आहे त्याच्या दृष्टीने परवाना रद्द होणे ही फौजदारी शिक्षेहून हलकी गोष्ट नव्हे. म्हणूनच नोटीस, सुनावणी आणि अपील ही तीन द्वारे उघडी असणे ही कृपा नसून न्यायाची किमान अट आहे.

परंतु मंडळे निरुपयोगी आहेत असे मानणाऱ्याने वॉटसनव्हिल गावची हकीकत वाचावी. २००० साली कॅलिफोर्नियातील ह्या गावी एका नखप्रसाधनगृहातील शंभराहून अधिक गिऱ्हाइकांच्या पायांवर न भरणारी गळवे उठली. तपासाअंती कारण सापडले ते पाय बुडवून बसावयाच्या, पाणी खेळविणाऱ्या टबात. पाणी ओढून घेणाऱ्या जाळीच्या मागे केसांचा व कातडीचा मळ साचला होता आणि त्यात क्षयाच्या जंतूच्या कुळातील एक जंतू वाढत होता. ज्या स्त्रियांनी घरून पाय वस्तऱ्याने साफ करून आणले होते त्यांना बाधा होण्याचा संभव अधिक होता. जाळी काढून धुवावी, हे त्या दुकानी कोणाला सुचले नव्हते. त्यानंतर राज्याने टब कधी व कसा धुवावा ह्याचे बारीक नियम केले आणि प्रत्येक सफाईची नोंद वहीत ठेवण्याचा दंडक घातला. पायाच्या टबाची वही ठेवणे हास्यास्पद वाटेल. पण ती वही म्हणजे शंभर माणसांच्या व्रणांचे सार आहे.

तेव्हा प्रश्न नियम असावेत की नसावेत हा नाही. नियमाचे माप कोणते असावे, हा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८९ साली वेस्ट व्हर्जिनियातील डेंट नावाच्या वैद्याच्या प्रकरणात राज्याचा परवाना देण्याचा अधिकार उचलून धरला. मात्र लावलेली पात्रता त्या व्यवसायाशी संबंध असलेली पाहिजे, असेही सांगितले. पुढे १९५५ साली ओक्लाहोमातील चष्मेवाल्यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने हात बराच आखडता घेतला. कायदा अनावश्यक वा उधळा वाटला तरी तो बदलणे हे विधिमंडळाचे काम, न्यायालयाचे नव्हे, असा त्या निवाड्याचा आशय होता. ह्या सवलतीचा फायदा घेऊन परवान्यांची संख्या वाढत गेली.

हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला तो आपल्या ओळखीच्या एका दोऱ्याने. सुती दोरा दोन्ही हातांत पिळून भुवया कोरण्याची कला हिंदुस्थानातील घराघरांतल्या मुलींना ठाऊक आहे. तिला रसायन लागत नाही, वस्तरा लागत नाही, यंत्र लागत नाही. ही कला घेऊन टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या लोकांनी दुकाने थाटली. तेव्हा राज्याच्या खात्याने त्यांना कळविले की, तुमचे काम त्वचाप्रसाधनात मोडते, सबब ७५० तासांचे शिक्षण घ्या व परीक्षा द्या. ह्या शिक्षणाचा खर्च हजारो डॉलरांत जाई. गंमत अशी की, त्या ७५० तासांत दोऱ्याचे काम शिकविलेच पाहिजे असे बंधन नव्हते, आणि परीक्षेतही त्यावर प्रश्न नसे. जी विद्या शिकवावयाची नाही तिच्यासाठी शिष्याने गुरुकुलात राहावे, अशातला हा प्रकार होता.

काही कारागिरांनी व दुकानदारांनी २००९ साली दावा लावला. खालच्या दोन्ही न्यायालयांत ते हरले. २६ जून २०१५ रोजी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. ‘पटेल विरुद्ध टेक्सास परवाना व नियमन खाते’ ह्या नावाने तो ओळखला जातो. स्वच्छता व संसर्ग ह्यांबद्दल राज्याला काळजी घेण्याचा अधिकार आहे, हे बहुमताने मान्य केले. परंतु ७५० पैकी ३२० तासांपर्यंतच्या शिक्षणाचा दोरेकामाशी संबंध नाही, असे दिसून आले. तेवढा काळ विनाकारण शिकावयाचे, त्यासाठी पैसा भरावयाचा आणि तोवर कमाईला मुकावयाचे, हा भार इतका मोठा आहे की तो जुलूम ठरतो, असे न्यायमूर्ती जॉन्सन ह्यांच्या निवाड्याचे तात्पर्य आहे. आधार घेतला तो १८७६ च्या राज्यघटनेतील एका कलमाचा. मुख्य न्यायाधीश हेक्ट ह्यांनी भिन्नमत नोंदविले. कायदा किती तासांचा असावा हे न्यायाधीश ठरवू लागले तर विधिमंडळाचे काम न्यायालयच करू लागेल, ही त्यांची भीती होती. ही भीती पोकळ नाही. पण दोन्ही मते शेजारी ठेवून वाचली म्हणजे बहुमताकडेच मन झुकते. कारण न्यायालयाने नियमाचा हेतू नाकारला नाही, फक्त हेतू आणि माप ह्यांची जोड तपासली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत दुसरा एक मोठा निकाल लागला होता. नॉर्थ कॅरोलायनाच्या दंतवैद्यमंडळात आठांपैकी सहा सभासद स्वतः व्यवसाय करणारे दंतवैद्य होते. प्रसाधनगृहांत व बाजारपेठांत स्वस्तात दात पांढरे करून मिळू लागले, तेव्हा ह्या मंडळाने काम थांबविण्याची पत्रे पाठविण्याचा सपाटा लावला. इतकेच नव्हे, तर राज्याच्या प्रसाधनमंडळाकडूनही प्रसाधकांना ताकीद देवविली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ज्या मंडळाचा ताबा त्याच धंद्यातील व्यावसायिकांकडे आहे, त्यावर राज्याची जागती देखरेख नसेल तर मक्तेदारीविरोधी कायद्यापासून त्याला संरक्षण नाही. कुंपणाने शेत खाऊ नये म्हणून कुंपणावरही नजर पाहिजे, हे आपले जुने शहाणपणच येथे कायद्याच्या भाषेत आले आहे.

आपल्याकडे प्रसाधकांचे असे राज्यमंडळ नाही. नगरपालिकांचा परवाना असतो, पण तो दुकानाला, हाताला नव्हे. तरी प्रश्नाचे मूळ तत्त्व आपल्या घटनेत आहेच. एकोणिसाव्या कलमाने कोणताही धंदा करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे आणि त्याच कलमाच्या सहाव्या खंडाने लोकहितार्थ वाजवी निर्बंध घालण्याचा व व्यवसायासाठी पात्रता ठरविण्याचा अधिकार राज्याला दिला आहे. १९५० साली मध्यप्रदेशातील विडीकारखानदारांच्या, चिंतामणराव ह्यांच्या प्रकरणात, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने शेतीच्या हंगामात विड्या वळण्यावरची सरसकट बंदी रद्द केली. शेतीला मजूर मिळावेत हा हेतू योग्य होता. पण ज्यांना शेतकाम करणे शक्य नाही अशा म्हाताऱ्यांचा, मुलांचा व अपंगांचाही घास त्या बंदीने काढून घेतला होता. हेतूपेक्षा निर्बंध मोठा झाला की तो वाजवी राहत नाही, हे सूत्र टेक्सासच्या दोऱ्याच्या कितीतरी आधी आपल्या विडीने सिद्ध केले आहे.

शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने सभा भरवून विधवांचे केशवपन करावयाचे नाही, असे ठरविले. त्यांच्यापुढे कोणत्याही मंडळाचा नियम नव्हता; उलट रूढी आणि मिळकत ही दोन्ही विरुद्ध बाजूस होती. तरी आपल्या हातून घडणारे कर्म कोणत्या स्त्रीला कोणते दुःख देते, ह्याचा विचार त्यांनी स्वतः केला. मंडळ वस्तरा स्वच्छ आहे की नाही हे पाहू शकते, आणि ते त्याने अवश्य पाहावे. परंतु वस्तरा कोठे चालवू नये हे सांगणारी शिस्त धंद्याच्या अंतःकरणातूनच यावी लागते. कायद्याने पहिल्या शिस्तीची हमी घ्यावी, दुसरीला वाव ठेवावा, आणि दोहोंच्या नावाखाली कोणा गरिबाच्या हातातला दोरा काढून घेऊ नये, एवढेच मागणे रास्त होय.