रिक्सडॉर्फचें नांव

मोठें शहर शेजारचें खेडें गिळतें, असें आपण सहज म्हणतों. परंतु गिळतांना तें नेमकें काय घेतें व काय मागें ठेवतें, हें पाहावयाचें असेल तर बर्लिनच्या आग्नेयेकडील रिक्सडॉर्फ गांवाची हकीकत फार बोधक आहे. म्हणून ती वाचकांस सादर करतों.

इ. स. १३६० मधील एका सनदेनें सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांनीं हें गांव वसविलें. पुढें तें स्प्री नदीवरील बर्लिन व कोल्न या जोडशहरांपैकीं कोल्नच्या मालकीचें झालें. १७३७ मध्यें प्रशियाचा राजा पहिला फ्रेडरिक विल्यम यानें बोहेमियांतील धर्मच्छळामुळें देशोधडीस लागलेल्या १८ प्रॉटेस्टंट कुटुंबांस येथें आश्रय दिला. राजा स्वभावानें कठोर व हिशेबी. कष्टाळू प्रजा मिळावी हा हेतु या औदार्यामागें होताच. तरी त्यानें दिलेलीं घरें व शेतें खरीं होतीं! या निर्वासितांनीं आपली चेक भाषेंतील उपासना सोडली नाहीं, व कालांतरानें त्यांची वस्ती 'बोहेमियन रिक्सडॉर्फ' या नांवाचें निराळें गांवच बनली. दोन्ही गांवें १८७४ मध्यें पुन्हा एक झालीं.

तोंवर बर्लिनचे कारखाने वाढले होते. मजुरांसाठीं चौकामागें चौक असलेल्या कोंदट चाळी उठल्या. १८९९ मध्यें शहराचा दर्जा मिळाला तेव्हां रिक्सडॉर्फ हें प्रशियांतील सर्वांत मोठें खेडें होतें. १९१० सालीं लोकसंख्या सुमारें २ लक्ष ३७ हजार झाली. बर्लिनकर येथें बिअर पिण्यास व नाचण्यास येत, आणि गांवाच्या नांवावर रचलेलें उडत्या चालीचें एक पोल्का-गीत सर्वतोमुखीं झालें. प्रतिष्ठित नागरिकांस ही कीर्ति झोंबूं लागली. असल्या नांवाच्या गांवीं भरपूर कर देणारे सभ्य लोक राहावयास येणार कसे? अखेर २७ जानेवारी १९१२ रोजीं, कैसर दुसरा विल्यम याच्या वाढदिवशीं, रिक्सडॉर्फचें 'नॉयकोल्न', म्हणजे 'नवें कोल्न', झालें. जुन्या धन्याचेंच नांव गांवानें आपण होऊन अंगावर घेतलें! चाळी होत्या तशाच राहिल्या.

बर्लिननें गांव घेतलें तें यानंतर. १ ऑक्टोबर १९२० रोजीं भोंवतालचीं ७ शहरें, ५९ खेडीं व २७ जहागिरी बर्लिनला जोडण्यांत आल्या. तेव्हां हें जुनें नांव महानगरानें हिरावलें, असा दोष त्यास देतां येत नाहीं. तें गांवच्या कारभाऱ्यांनींच आठ वर्षें आधीं टाकलें होतें.

बोहेमियन निर्वासितांचे वंशज मात्र मागचें विसरले नव्हते. त्याच १९१२ सालीं त्यांनीं आपल्या जुन्या गल्लींत, पूर्वजांस थारा देणाऱ्या राजाचा पुतळा कृतज्ञतेनें उभारला. तो तेथें आहे. जवळच १७५३ मध्यें बांधलेली त्यांची शाळा असून तींत आतां संग्रहालय आहे; तिच्या दर्शनी भिंतीवर, छपराखालीं, त्यांच्या पंथाचें चिन्ह असलेला प्याला अद्याप दिसतो.