निकोटिनयुक्त च्युइंग गम
धूम्रपानाचे व्यसन सोडविण्यासाठी चघळावयास देण्यात येणारे औषध. हे व्यसन मुख्यत्वे निकोटिनामुळे जडते. कर्करोगास मात्र प्रामुख्याने धुरातील इतर द्रव्ये कारणीभूत असतात. या भेदावर ही उपाययोजना आधारलेली आहे. स्वीडनच्या पाणबुड्यांवरील नाविक धूम्रपानाची मनाई असताना तंबाखू तोंडात धरीत. त्यावरून १९६७ मध्ये लुंड येथील संशोधकांनी ऊवे फर्ने या रसायनशास्त्रज्ञांना ही कल्पना सुचविली. हे औषध स्वित्झर्लंडमध्ये १९७८ साली व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९८४ साली संमत झाले. आयन-विनिमय रेझिनाशी बद्ध केलेले २ किंवा ४ मिग्रॅ. निकोटिन सावकाश चघळल्यास मुक्त होऊन गालाच्या श्लेष्मकलेतून शोषले जाते. भराभर चघळून लाळ गिळल्यास उचकी व मळमळ होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये याचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.