तगाई ते फळबाग

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माण, खटाव, आटपाडी, जत हे सातारा-सांगलीचे पर्जन्यछायेतले तालुके. इथली माळराने उजाड का, असे विचारले की आपण पावसाकडे बोट दाखवतो. पण जो काही पाऊस पडतो, त्याबरोबर वाहून जाणारी माती अडवायची कुणी आणि त्याचा खर्च सोसायचा कुणी, हाही प्रश्न तितकाच जुना आहे.

इंग्रजी अमदानीत याचे उत्तर होते : शेतकऱ्याने. 1883 च्या जमीन सुधारणा कर्ज कायद्याखाली विहिरीसाठी, बांधासाठी तगाई मिळे. पण ती व्याजासह फेडावी लागे. आधीच सावकाराच्या देण्यात बुडालेला कोरडवाहू शेतकरी मातीसाठी नवे कर्ज कशाला काढील? 1942 मध्ये मुंबई प्रांतात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. योजना मंजूर झाली की बांधबंदिस्ती बंधनकारक ठरे आणि खर्चाचा वाटाही जमीनमालकाकडून वसूल होई. म्हणजे कर्जाच्या जोडीला सक्ती आली.

याला वेगळे वळण दिले ते सांगली जिल्ह्याच्याच वि. स. पागे यांनी. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पाग्यांच्या कल्पनेतून तासगाव तालुक्यातील विसापूर भागात 'मागेल त्याला काम' हा प्रयोग झाला. 1972 च्या दुष्काळात त्याची गरज साऱ्या राज्याला पटली. 1977 चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. त्यासाठी व्यवसायकर बसवला गेला आणि तेवढीच भर राज्य सरकारने घातली. मुंबईच्या नोकरदाराच्या पगारातून कापलेला पैसा दुष्काळी तालुक्यांतल्या नालाबांधांवर आणि पाझर तलावांवर खर्च होऊ लागला. माती राखणे ही एकट्या शेतकऱ्याची जबाबदारी नाही, हे यातून मान्य झाले.

उणीव एकच राहिली. मजुरी खोदलेल्या मातीच्या मापाने मिळे. बांध पुढच्या पावसाळ्यात टिकला की फुटला, याच्याशी तिचा संबंध नव्हता. 1990 मध्ये फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेली, तेव्हा हे चित्र पालटले. झाड शेतकऱ्याच्या रानात आणि फळही त्याचेच, त्यामुळे ते जगवण्यात त्याला रस होता. आटपाडीच्या माळावर डाळिंब उभे राहिले. 2018 च्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत अनुदान 50, 30 व 20 टक्के अशा तीन वार्षिक हप्त्यांत विभागले गेले. पुढचा हप्ता झाडे जगण्यावर अवलंबून राहिला.

तरीही डाळिंब हे पीक आहे. त्याला पाणी लागते, औषध लागते, आणि दर पडला की बाग मोडली जाते. बांधावरची बाभूळ, ओढ्याकाठचा करंज, माळावरचे गवत यांना बाजारभाव नाही. पण माती धरून ठेवतात ती हीच. आजवर आपण खोदण्याचे पैसे दिले, लावण्याचे दिले. जे आपोआप उगवते ते न तोडता राखणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडावे, याचा विचार मात्र अजून व्हायचा आहे.