जकातखात्यांतून संत्र्यांच्या बागेंत

नोकरी सोडून बागाईत करावी असें पुष्कळांच्या मनांत येतें. जपानांत मासानोबु फुकुओका यांनीं तें केलें. योकोहामाच्या जकातखात्यांत ते रोपांवरील रोग तपासत. १९३७ च्या सुमारास न्यूमोनियांतून उठल्यावर त्यांनीं राजीनामा दिला व शिकोकु बेटावरील वडिलांची संत्र्यांची बाग हातीं घेतली. निसर्गावर हवाला ठेवून छाटणी बंद केली. तों फांद्या गुंतल्या, कीड पडली, झाडें मेलीं. वडिलांना काय वाटलें असेल! वर्षानुवर्षें कात्रीस सरावलेलें झाड एकाएकीं मोकळें सोडणें ही नैसर्गिक शेती नव्हे, निव्वळ हयगय होय, हें तेथें कळलें. पुन्हां चाकरी, महायुद्ध. आणि तें संपल्यावर पुन्हां तीच बाग. या खेपेस झाडांखालीं क्लोव्हर नांवाचा द्विदल चारा पेरला, संत्र्यांमधून बाभूळवर्गीय झाडें लावलीं आणि कठीण माती मोकळी करण्याचें काम मुळ्यावर सोंपविलें.