तीन गुणांचे अंतर

१९५६ साली ‘फ्रान्स फुटबॉल’ या नियतकालिकाने युरोपातील सर्वोत्तम खेळाडूस सोनेरी चेंडू देण्याची प्रथा पाडली आणि पहिल्याच निवडीने वादास विषय पुरविला. पत्रकारांच्या कौलात ब्लॅकपूलच्या स्टॅन्ली मॅथ्यूजला ४७ गुण पडले, रेआल माद्रिदच्या आल्फ्रेदो दि स्तेफानोला ४४. त्याच जूनमध्ये माद्रिदने पॅरिस येथे पहिला युरोपियन चषक ४-३ असा जिंकला होता आणि त्यांतला एक गोल दि स्तेफानोचा होता. ब्लॅकपूलच्या पदरी त्या वर्षी एकही चषक नव्हता. मात्र मे महिन्यात, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, मॅथ्यूजने वेंब्लीवर ब्राझीलच्या बचावफळीची त्रेधा उडविली होती. मान वर्षाच्या कामगिरीचा की दीर्घ तपश्चर्येचा? शालेय बक्षिसे ठरविताना आम्हां शिक्षकांपुढेही हाच पेच पडतो. माझे मत दि स्तेफानोला. त्याला तो चेंडू १९५७ व १९५९ साली मिळालाही. परंतु १९५६ चा हक्क त्याचाच होता.