पाळण्यातली काठी

मुलाला लॅक्रॉस कोणत्या वयात सुरू करावा, हा प्रश्न होडेनोशोनी लोकांना पडतच नाही. इंग्रज-फ्रेंच त्यांना इरोक्वा म्हणत. न्यूयॉर्क राज्य आणि कॅनडा इथली ही सहा राष्ट्रं. मुलगा झाला की पाळण्यात छोटी काठी ठेवायची, माणूस गेला की काठी त्याच्यासोबत द्यायची. हिकरीचं लाकूड वाफेवर वाकवायचं, टोकाला चामड्याच्या वाद्यांची जाळी. कुणी आजारी असलं तर त्याच्यासाठीही खेळ मांडतात. बायकांनी मात्र या लाकडी काठीला हात लावायचा नाही, हेही सांगितलं पाहिजे.

1867 साली माँट्रियलचे दंतवैद्य जॉर्ज बिअर्स यांनी नियम बांधले. पुढे 1880 मध्ये, पैसे घेऊन खेळतात म्हणून, मूळ मालकच स्पर्धेबाहेर! पैसे कशाला घेत? तर प्रवासखर्चाला.

1983 मध्ये त्यांनी स्वतःचा राष्ट्रीय संघ काढला. 2010 साली मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेला निघाले, तर ब्रिटनने त्यांचे पासपोर्ट मानले नाहीत. अमेरिकी किंवा कॅनडाचा पासपोर्ट घेऊन जाता आलं असतं. नाही घेतला, स्पर्धा सोडली. 2028 ला लॉस एंजेलिसमध्ये लॅक्रॉस ऑलिंपिकला परत येतोय, आणि ऑलिंपिक समितीच्या देशांच्या यादीत होडेनोशोनींचं नाव नाही.